ओटोमे गेम: आधी प्रकार ओळखा, मग पर्याय निवडा

ओटोमे गेम म्हणजे नायिकेच्या भूमिकेतून खेळायची प्रेमकथा. समोर चार-पाच नायक असतात आणि त्यांतल्या एकाशी नातं जुळवत त्याच्या कथेचा शेवट गाठायचा असतो. एवढं बहुतेकांना माहीत असतं, तरी तक्रारी त्याच त्याच ऐकू येतात. सगळ्यांशी गोड बोलले तरी तिसऱ्याच प्रकरणात वाईट शेवट आला. ज्याच्यासाठी गेम घेतला तो नायक निवडताच येत नाही. दोन दिवस ॲप उघडलं नाही आणि निम्मी कथा हातातून गेली. कार्डांवर पैसे खर्च झाले, पण गोष्ट होती तिथेच अडकली.

या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. वेगवेगळ्या नियमांवर चालणारे खेळ एकाच रीतीने खेळले जातात. वरून सगळे सारखेच दिसतात: देखणे नायक, संवादाची चौकट, दोन-तीन उत्तरांचे पर्याय. आतली यंत्रणा मात्र पूर्ण वेगळी असते. म्हणून पुढचे टप्पे क्रमाने घ्या. पहिले दोन सगळ्यांसाठी आहेत, तिसऱ्यापासून आपल्या खेळाला लागू असलेला टप्पा वाचला तरी चालेल.

## १. खेळ कुठल्या प्रकारचा आहे ते ठरवा

स्टोअरच्या पानावरची चित्रं पाहून प्रकार कळत नाही. खेळतानाचे स्क्रीनशॉट नीट पाहा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा: या खेळात कथा पुढे कशामुळे सरकते?

फक्त वाचून आणि पर्याय निवडून सरकत असेल तर ती व्हिज्युअल नॉव्हेल. ‘हाकुओकी’, ‘कोड: रिअलाइझ’, ‘कॉलर × मॅलिस’, ‘ॲम्नेशिया: मेमरीज’ या गटातले. एकदाच पैसे भरायचे आणि हवं तेव्हा, हवं तितकं खेळायचं.

आठवड्याचं वेळापत्रक भरून आणि गुण वाढवून सरकत असेल तर तो गुण वाढवण्याचा खेळ. स्क्रीनशॉटमध्ये दिनदर्शिका आणि अभ्यास, खेळ, कला, ताण अशा पट्ट्या दिसल्या की समजा. कोनामीची ‘टोकिमेकी मेमोरियल गर्ल्स साइड’ मालिका आणि चेरिट्झचा ‘डँडेलियन’ ही याची उदाहरणं.

खऱ्या घड्याळाप्रमाणे सरकत असेल तर तो ‘मिस्टिक मेसेंजर’च्या जातीचा खेळ. तुमच्या फोनमध्ये जी वेळ असेल तीच कथेतही असते.

रोजच्या ठरावीक तिकिटांवर सरकत असेल तर तो प्रकरणांचा मोबाइल गेम, जसा सायबर्डचा ‘इकेमेन सेन्गोकू’.

कार्डं जमवून, त्यांची ताकद वाढवून सरकत असेल तर तो गाचा, म्हणजे नशिबाने निघणाऱ्या कार्डांचा खेळ. ‘टिअर्स ऑफ थेमिस’ आणि ‘लव्ह अँड डीपस्पेस’ हे त्यातले सर्वांत माहितीतले.

काही खेळांत दोन प्रकारांची सरमिसळ असते. तिथे कथेला अडवून धरणारी गोष्ट कुठली ते पाहा. तोच तुमच्यासाठी खरा प्रकार.

*तपासणी:* स्टोअरच्या पानावर ‘ॲपमधील खरेदी’ असं लिहिलेलं आहे का? असेल आणि खेळ फुकट असेल, तर तो बहुधा शेवटच्या तीन प्रकारांतला आहे. आपण व्हिज्युअल नॉव्हेल घेतोय अशा समजुतीने तो उतरवू नका.

## २. खेळ उघडण्याआधीची तयारी

योग्य भाग विकत घ्या. सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. गाजलेल्या खेळांच्या पुढे ‘फॅन डिस्क’ निघतात. मूळ कथा संपल्यानंतरचे प्रसंग त्यांत असतात. ‘कोड: रिअलाइझ’ची ‘फ्यूचर ब्लेसिंग्ज’, ‘कॉलर × मॅलिस’ची ‘अनलिमिटेड’ आणि ‘ॲम्नेशिया’ची ‘लेटर × क्राउड’ या सगळ्या मूळ खेळानंतरच घ्यायच्या. सवलतीत दिसली म्हणून फॅन डिस्क आधी घेतली, तर पहिल्याच पानावर सगळी रहस्यं फुटतात. ‘हाकुओकी’च्या बाबतीत आणखी एक फसगत होते. त्याची एक इंग्रजी आवृत्ती दोन खेळांत विभागली आहे: आधी ‘क्योतो विंड्स’ (२०१७), मग ‘एदो ब्लॉसम्स’ (२०१८). नावांत क्रमांक नसल्याने दुसरा भाग आधी घेणारे कितीतरी आहेत.

भाषा तपासा. वर आलेला एकही खेळ मराठीत नाही. इंग्रजी वाचनाचीच तयारी ठेवायला हवी, आणि वाचन भरपूर असतं. काही मोठ्या मालिकांना तर अधिकृत इंग्रजी आवृत्तीही नाही. ‘गर्ल्स साइड’ त्यांपैकीच एक. पैसे भरण्याआधी भाषांच्या यादीत इंग्रजीसमोर खूण आहे ना, ते पाहा. कित्येक खेळांत मजकूर इंग्रजीत आणि आवाज जपानीत असतो. तो दोष नाही, तशीच पद्धत आहे.

पहिला खेळ स्वस्त किंवा फुकट घ्या. इंग्रजीतल्या उत्तम व्हिज्युअल नॉव्हेल निन्टेंडो स्विचवर आहेत हे खरं, पण केवळ तेवढ्यासाठी सुरुवातीलाच कन्सोल घेऊ नका. स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात ‘सिंडरेला फिनॉमेनन’ (२०१७) पूर्ण फुकट आहे, ॲपमधील खरेदी नाही, आणि रूट (एकेका नायकाची स्वतंत्र कथा), वाईट शेवट, सेव्ह हे सगळं शिकायला पुरेसा आहे. ‘हाकुओकी’चे वरचे दोन भाग आणि ‘ॲम्नेशिया: मेमरीज’ही स्टीमवर मिळतात. स्टीमवर रुपयांत किंमत दिसते. खरेदीनंतर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. भाषा झेपते का, वाचायला कंटाळा येतो का, हे पहिल्या दीड तासात कळून येतं.

मोबाइल गेम असेल तर खातं जोडा. ‘गेस्ट’ म्हणून खेळत राहिलात आणि फोन बदलला किंवा ॲप काढलं, की महिन्यांची प्रगती गेली. पहिल्याच दिवशी गूगल, ॲपल किंवा ईमेलचं खातं जोडा. ते झाल्यावर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीसाठी पडताळणी चालू करा. घरातला फोन मुलं हाताळत असतील तर ही पायरी सोडूच नका.

आशयाची सूचना वाचा. चित्रं गोड असली म्हणून कथा गोड असेलच असं नाही. ‘ॲम्नेशिया’त एका नायकाच्या रूटमध्ये नायिकेला कोंडून ठेवलं जातं. ‘कॉलर × मॅलिस’ खून आणि दहशतीभोवती फिरतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला गेम घेऊन देणाऱ्यांनी वयोगटाचं मानांकन पाहून मगच द्यावा.

*तपासणी:* मूळ भागच घेतला, इंग्रजी आहे, खातं जोडलं, खरेदीला कुलूप लावलं. चारही झालं असेल तरच पुढे जा.

## ३. व्हिज्युअल नॉव्हेल: रूट कसा लागतो ते आधी समजून घ्या

या प्रकारावर मी जास्त वेळ घालवणार आहे. नवे खेळणारे बहुधा इथूनच सुरू करतात, आणि इथली शिस्त एकदा लागली की बाकीचे प्रकार सोपे जातात.

रचना साधारण अशी असते. सुरुवातीला सर्व नायकांसाठी एक सामाईक भाग, मग एका ठिकाणी कथा फाटते आणि तुम्ही एका नायकाच्या रूटमध्ये जाता. तिथून पुढे त्याचीच कथा, आणि टोकाला चांगला, वाईट किंवा मधला शेवट. ती फाटण्याची जागा कशी ठरते, हे ओळखणं ही अर्धी लढाई आहे. तीन पद्धती मुख्य आहेत.

*पहिली, सुरुवातीलाच निवड.* ‘ॲम्नेशिया’त खेळ सुरू होताच पत्त्यांची चिन्हं समोर येतात. बदाम निवडलं की शिनचं जग, इस्पिक म्हणजे इक्की, किलवर म्हणजे केंट, चौकट म्हणजे टोमा. इथे नायक कोण हा प्रश्नच उरत नाही. राहतो तो फक्त शेवटाचा प्रश्न.

*दुसरी, जवळीक साठवण्याची.* ‘हाकुओकी’त पहिल्या प्रकरणांमध्ये तुम्ही कोणाबरोबर जाता, कोणाला काय उत्तर देता, त्यावर प्रत्येकाच्या खात्यात जवळीक जमा होते आणि ज्याची पुरेशी असेल त्याचा रूट उघडतो. सगळ्यांशी सारखंच गोड बोलणाऱ्यांचा घात इथे होतो. पाच जणांत थोडी थोडी जवळीक वाटली की एकाचीही पुरेशी होत नाही.

*तिसरी, सामाईक भागातल्या एखाद्या ठळक निर्णयाची.* कोणाच्या तपासात मदत करायची, कोणासोबत राहायचं, असा एक मोठा पर्याय येतो आणि त्यावरून वाट ठरते. असा पर्याय दिसला की थांबा आणि वेगळ्या स्लॉटमध्ये, म्हणजे सेव्हच्या वेगळ्या जागेत, सेव्ह करा.

आता खेळण्याचा क्रम.

पायरी १. सेटिंगमध्ये मजकुराचा वेग आपल्या वाचनाइतका करा. जवळीक वाढल्याची खूण दाखवण्याची सोय असेल तर पहिल्या खेळात ती चालू ठेवा. काही जाणकार ती बंद ठेवायला सांगतात, मला ते पटत नाही. कुठल्या उत्तराने काय घडतं हे दिसल्याशिवाय नवख्याला यंत्रणा कळणार कशी?

पायरी २. स्किपची, म्हणजे मजकूर भराभर पुढे नेण्याची, सेटिंग ‘फक्त वाचलेला मजकूर’ अशी ठेवा. ‘सगळा मजकूर’ हा पर्याय ठेवला तर दुसऱ्या रूटच्या वेळी सामाईक भागात मधूनच येणारे नवे संवाद निसटतात, आणि पुढे ‘हा माणूस हे कधी बोलला?’ असं होतं.

पायरी ३. प्रत्येक पर्यायाच्या *आधी* नव्या स्लॉटमध्ये सेव्ह करा. पर्याय निवडल्यानंतर केलेला सेव्ह चूक सुधारायला कामाचा नाही. क्विक सेव्हवर विसंबू नका, तो दर वेळी पुसून नव्याने लिहिला जातो. आणि सामाईक भाग जिथे फाटतो तिथला एक सेव्ह शेवटपर्यंत हात न लावता ठेवा. पुढचा प्रत्येक नायक तिथून सुरू करता येतो.

पायरी ४. पहिला नायक मनाला येईल तो घ्या आणि मार्गदर्शिका न बघता खेळा. उत्तर निवडताना ‘सभ्य कुठलं?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘या माणसाला काय हवंय?’ असं विचारा. कोणाला सडेतोड नायिका आवडते, कोणाला जिवावर उदार होणारी खपत नाही. ‘ॲम्नेशिया’त तर गणित आणखी वेगळं. नायिकेची स्मृती गेलेली आहे आणि ते लपवायचं आहे. जवळीक आणि विश्वास यांच्या जोडीला संशयाचीही पट्टी आहे. तुम्ही आत्ताच्या मनाने खरंखुरं, भाबडं उत्तर दिलंत आणि ते पूर्वीच्या ‘तिला’ शोभणारं नसेल, तर संशय वाढतो. नायक जुन्या नायिकेला कसा ओळखतो, याचे धागे संवादांतून टिपत खेळावं लागतं.

पायरी ५. रूटचा वाईट शेवट आधी वाचा, चांगला नंतर. पुष्कळ खेळांत वाईट शेवटांतही कथेचे महत्त्वाचे दुवे असतात, ते टाळून चालत नाही. पण चांगल्या शेवटानंतर मागे फिरून तो नायक मरताना पाहिला की पुढच्या रूटकडे वळायचं मन होत नाही. क्रम उलटा ठेवला तर गोष्ट समाधानात संपते.

> इशारा: कुलूपबंद रूट. ज्याच्यासाठी गेम घेतला तोच नायक सुरुवातीला मिळत नाही, असं वारंवार होतं. ‘कोड: रिअलाइझ’मध्ये लुपँ, ‘कॉलर × मॅलिस’मध्ये यानागी, ‘कॅफे एन्शांते’मध्ये मिसिर, ‘ॲम्नेशिया’त जोकरचं जग: इतर रूट संपल्याशिवाय यांतलं एकही उघडत नाही. कथेचं मूळ रहस्य त्याच रूटमध्ये असल्याने निर्माते तो शेवटाला ठेवतात. पर्याय बदलून बदलून तो उघडत नाही, त्यात वेळ घालवू नका.

काही व्हिज्युअल नॉव्हेलांत वाचनाखेरीज छोटी यंत्रणाही असते. ‘कॉलर × मॅलिस’ची नायिका पोलीस आहे. ठरावीक प्रसंगी बंदूक रोखलेली असते आणि थोड्या वेळात गोळी झाडायची की नाही हे ठरवावं लागतं. काहीच न करणं हासुद्धा तिथे एक निर्णय धरला जातो. असा प्रसंग येणार हे वातावरणावरून कळतं, तेव्हाच सेव्ह करून ठेवा. ‘ॲम्नेशिया’तले छोटे खेळ, म्हणजे एअर हॉकी वगैरे, वेगळे आहेत. कथा त्यांच्यावर अडत नाही. जमले नाहीत तर सोडून द्या.

*तपासणी:* पहिला रूट संपल्यावर चित्रांची गॅलरी उघडा. त्या नायकाच्या पानावर रिकाम्या चौकटी असतील तर एखादा शेवट किंवा फाटा राहिला आहे. पुढच्या नायकाकडे जाण्याआधी तो शोधा, संदर्भ ताजा असतो.

## ४. गुण वाढवण्याचे खेळ: आधी वेळापत्रक, मग प्रेम

इथे संवादातली उत्तरं दुय्यम असतात. आठवडाभर काय केलंत हे मुख्य. पहिल्या ‘गर्ल्स साइड’मध्ये (२००२) उच्च माध्यमिक शाळेची तीन वर्षं हातात असतात. आठवड्याच्या दिवसांत अभ्यास, खेळ, कला यांपैकी काही निवडायचं, सुट्टीच्या दिवशी कोणाला तरी भेटायला बोलवायचं, आणि पदवीदानाच्या दिवशी कोणी प्रेम व्यक्त करतं की नाही ते पाहायचं. तीन वर्षं म्हणजे खूप वेळ, असं वाटतं. ते खरं नाही.

पायरी १. पहिल्या काही आठवड्यांत कोणाच्याही मागे लागू नका. सगळ्यांना भेटा आणि प्रत्येकाला कुठला गुण महत्त्वाचा वाटतो ते टिपा. हुशार मुलाला अभ्यास, खेळाडूला व्यायाम, एवढं सरळ कधी असतं, कधी नसतं. मुख्य नायकाला तर बहुधा सगळेच गुण वर लागतात, म्हणून पहिल्या खेळात तो निवडू नका.

पायरी २. एक नायक नक्की करा आणि त्याच्या दोन मुख्य गुणांवरच भर द्या. सगळ्या पट्ट्या समान वाढवायचा मोह होतो, कारण दिसायला ते नीटनेटकं वाटतं. पण एक गुण वाढवताना दुसरा घटतो अशी रचना असते आणि शेवटी सगळंच मध्यम राहतं.

पायरी ३. ताणाची पट्टी अर्ध्यावर गेली की विश्रांती घ्या. ती भरून आजारी पडलात की अख्खा आठवडा जातो. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात असं झालं, तर नुकसान दुप्पट.

पायरी ४. भेटीची जागा आणि कपडे या सजावटीच्या गोष्टी नाहीत. प्रत्येकाची आवड वेगळी असते. त्याला न रुचणाऱ्या जागी नेलंत तर उत्तम उत्तरं देऊनही जवळीक वाढत नाही.

> इशारा: बॉम्ब. ‘टोकिमेकी’ मालिकेत ओळख झालेल्या मुलाकडे फार दिवस दुर्लक्ष केलंत तर त्याच्या नावापुढे बॉम्बची खूण येते. तो फुटला की अफवा पसरते आणि बाकीच्यांचीही मनं तुमच्याविषयी कलुषित होतात. एकालाच धरून बसणाऱ्यांचा खेळ इथे कोसळतो. खूण दिसताच त्या मुलाला एकदा भेटा आणि मग आपल्या मूळ योजनेकडे या.

‘डँडेलियन’ इंग्रजीत आहे आणि स्टीमवर मिळतो, म्हणून हा प्रकार शिकायला तो बरा. नायिकेच्या घरी अचानक येऊन पडलेली मांजरं आणि ससे पुढे पुरुषरूपात येतात. तिथेही वेळापत्रक आणि गुण हेच खेळाचं हृदय आहे.

*तपासणी:* दर सत्राच्या सुरुवातीला वेगळा सेव्ह आहे का? या प्रकारात चूक लक्षात येईपर्यंत बरेच आठवडे उलटलेले असतात, एक पर्याय मागे जाऊन काही सुधारत नाही.

## ५. घड्याळावर चालणारा खेळ: अकरा दिवस मोकळे आहेत का?

चेरिट्झचा ‘मिस्टिक मेसेंजर’ (२०१६) कोरियाचा आहे. एका चॅट ॲपमध्ये तुम्ही शिरता आणि एका समारंभाच्या तयारीत सामील होता. रूट अकरा दिवसांचा, म्हणजे खरोखरचे अकरा दिवस. चॅट ठरावीक वेळी उघडतात, काही मध्यरात्रीनंतर. ती वेळ गेली की चॅट नुसतं वाचता येतं, त्यात बोलायचं असेल तर खेळातलं चलन, म्हणजे वाळूची घड्याळं, मोजावी लागतात.

पायरी १. सुरू करण्याचा दिवस निवडा. परीक्षा, लग्नघर, प्रवास यांपैकी काहीही पुढच्या अकरा दिवसांत असेल तर थांबा. गणपतीत तर नकोच.

पायरी २. ॲपला सूचना पाठवायची परवानगी द्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्याच्यासाठी बॅटरी बचत बंद करा. कित्येक फोन मागे चालणारी ॲप आपोआप बंद करतात. मग फोन वाजत नाही आणि चॅट निसटतं.

पायरी ३. मोड नीट निवडा. सर्वांत जास्त चुका या ठिकाणी होतात. सुरुवातीच्या ‘कॅज्युअल’ मोडमध्ये झेन, यूसंग आणि जेही यांचेच रूट आहेत. सेव्हन आणि जुमिन ‘डीप’ मोडमध्ये. कॅज्युअलमध्ये सेव्हनला कितीही हृदयं (जवळिकीचे गुण) मिळवून दिलीत तरी त्याचा रूट लागणार नाही. जेही ही स्त्री आहे आणि तिच्या रूटचा सूर मैत्रीकडे झुकतो, हेही आधी माहीत असावं. सेव्हनचा रूट मोठं गुपित उघडतो, म्हणून तो डीपमध्येही शेवटी ठेवा.

पायरी ४. पहिले चार दिवस सर्वांसाठी सारखे. या चार दिवसांत ज्याची हृदयं सर्वाधिक, त्याचा रूट पाचव्या दिवशी लागतो. त्यामुळे या काळात इतरांना खूश करायच्या भानगडीत पडू नका.

पायरी ५. चॅटमध्ये हजेरीचं प्रमाण मोजलं जातं आणि ते घसरलं तर मधल्याच दिवशी वाईट शेवट येतो. रात्रीचे सगळे चॅट जमणार नाहीतच. दिवसाचे एकही चुकवू नका आणि वाळूची घड्याळं रात्रीच्या चॅटसाठी राखून ठेवा. चुकलेल्या फोनला उलट फोन करून पाहा, बऱ्याचदा उचलला जातो.

पायरी ६. पाहुण्यांच्या ईमेलना उत्तरं देत राहा. समारंभाला पुरेसे पाहुणे आले नाहीत तर नायकाशी सगळं सुरळीत असूनही चांगला शेवट हुकतो. पाहुण्यांना बोलावण्याची गोष्ट दहाव्या दिवशी आठवून उपयोग नसतो, एकेक पत्रव्यवहार बरेच तास चालतो.

*तपासणी:* प्रत्येक दिवस संपताना हाताने सेव्ह केलंत का? आपोआप होणारा सेव्ह वाईट शेवटानंतरचाही असू शकतो.

## ६. तिकिटांचे खेळ

‘इकेमेन सेन्गोकू’सारख्या खेळांत सुरुवातीलाच एक सरदार निवडता आणि दिवसाला मोजकी तिकिटं वापरून त्याची कथा वाचता. यंत्रणा सोपी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. तिकिटं साठून राहत नाहीत, ती रोज वापरा. मधूनमधून कथा थांबते आणि कपडे-दागिन्यांनी मिळणारे गुण मागते. म्हणून खेळातले पैसे सुरुवातीला उडवू नका, त्या अडथळ्यांसाठी ठेवा. अडथळ्यासाठी लागणारा पोशाख कधी कधी दोन किमतींत दिसतो, एक खेळातल्या पैशांत आणि एक खऱ्या पैशांत. महागाचं आमिष म्हणजे त्याबरोबर मिळणारा जादा प्रसंग. तो न घेताही कथा पूर्ण होते.

## ७. गाचा: पैशांची मर्यादा पहिल्याच दिवशी लिहा

‘टिअर्स ऑफ थेमिस’ मिहोयोचा, जगभर २०२१ मध्ये आला. नायिका वकील आहे. ‘लव्ह अँड डीपस्पेस’ जानेवारी २०२४ चा, त्रिमितीय आणि लढायांचा. दोन्हींत मुख्य कथा फुकट वाचता येते, पण कार्डांची ताकद पुरेशी नसेल तर ती मध्येच अडते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आवडत्या एकाच नायकाची सगळी कार्डं वाढवणं. ‘थेमिस’मध्ये कार्डं लॉजिक, एम्पथी, इन्ट्यूशन अशा तीन प्रकारांची असतात आणि वादात समोरच्या युक्तिवादाप्रमाणे योग्य प्रकार वापरावा लागतो. एकाच प्रकाराची पाच कार्डं असतील तर खटला अडकतो. तिन्ही प्रकारांची थोडी थोडी कार्डं आधी सक्षम करा, आवड नंतर. ‘डीपस्पेस’मध्ये लढाईआधी शत्रूचं कवच कुठल्या रंगाने फुटतं ते दाखवलेलं असतं, त्या रंगाची कार्डं लावल्याशिवाय ताकद असूनही वेळ संपतो.

पुल करण्याआधी, म्हणजे नशिबाने कार्ड काढण्याआधी, बॅनरचं (ठरावीक कार्डांच्या सोडतीचं) तपशिलाचं पान उघडा. कितव्या पुलला वरच्या दर्जाचं कार्ड नक्की मिळतं ते तिथे लिहिलेलं असतं. ‘डीपस्पेस’मध्ये ती मर्यादा ७० आहे. साठवलेले हिरे (खेळातलं चलन) तिथपर्यंत पोचत नसतील तर त्या बॅनरला हात लावू नका. अर्धवट पुल करून थांबणं आणि मग ‘आता थोडंच राहिलं’ म्हणून पैसे भरणं, हाच सापळा आहे. महिन्याची रक्कम ठरवा, शून्य ठरवली तरी चालते, आणि ती यूपीआयच्या पिनआधी आठवेल अशा जागी लिहून ठेवा.

> इशारा: मर्यादित मुदतीचा बॅनर संपत आला की उलटी गणती दिसते. ती पाहून निर्णय घेऊ नका. अशी कार्डं पुढे पुन्हा येतात का, हे खेळाच्या सूचनांमध्ये आधी पाहा.

## ८. अडकलात तर मार्गदर्शिका कशी वापरावी

सगळी उत्तरं उतरवून खेळणं म्हणजे पुस्तकाची फक्त पानं उलटणं. त्यात नायक कसा आहे हे कळतच नाही. मार्गदर्शिकेतून दोनच गोष्टी आधी पाहा: रूटचा सुचवलेला क्रम आणि कुलूपबंद नायक कोण. बाकी बंद ठेवा.

तोच वाईट शेवट दोनदा आला, तर शेवटचा पर्याय बदलून पाहू नका. चूक बहुधा बरीच आधी झालेली असते. जवळीक साठवणाऱ्या खेळांत ती सामाईक भागात असते, गुणांच्या खेळांत दोन सत्रं आधी. त्या सेव्हवर जा, प्रत्येक पर्यायावर खूण वाढते का पाहत पुढे या, आणि जिथे वाढली नाही त्या एकाच पर्यायापुरती मार्गदर्शिका उघडा. पाहताना पानाच्या वरच्या भागातच थांबा. बऱ्याच मार्गदर्शिका शेवटांची नावं तळाशी देतात आणि कोण वाचतो, कोण जातो, हे त्या नावांतच असतं.